आठ वर्षांचं ‘हो’

शेजारची मुलगी आठ वर्षांची झाली त्या आठवड्यातली गोष्ट. शाळा सुटल्यावर नेहमीसारखी लेकीबरोबर आमच्याकडे आली, ओट्याशेजारच्या उंच स्टुलावर चढून बसली आणि हातातला बेसनाचा लाडू चारी बाजूंनी न्याहाळत म्हणाली, “आता माझं सगळं मोजलं जाणार.”

“सगळं म्हणजे काय?” लेकीनं विचारलं. तिला आठ पुरी व्हायला अजून तीन महिने होते.

“सगळं म्हणजे सगळं. खोटं बोलले, भावाला चिमटा काढला, सगळं. आठच्या आधीचं धरत नाहीत.”

लेक विचारात पडली. “मग आधीच करून घ्यायचंस की!”

“तेव्हा सुचलंच नाही,” ती म्हणाली आणि लाडवाचा पहिला घास घेतला.

तव्यावरची पोळी करपली तेव्हा मी भानावर आले. “मोजलं जाणार” हे तिनं इतक्या सहज सांगितलं होतं, जणू उद्यापासून वर्गात नवा बाक मिळणार आहे. मला मात्र ते दिवसभर पुरलं. रात्री भांडी आवरतानाही तेच डोक्यात.

आम्ही अमेरिकेतल्या यूटा राज्यात, लीहाय नावाच्या गावात राहतो. गावाचं नावच मॉर्मन ग्रंथातल्या एका संदेष्ट्यावरून ठेवलेलं. मागे वासॅचचे उंच डोंगर, खाली यूटा सरोवर आणि मध्ये सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती. त्यातल्याच एकीत नवऱ्याची नोकरी. आमच्या गल्लीतली बहुतेक घरं ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ची. जग त्यांना मॉर्मन म्हणतं. २०१८ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी चर्चचं पूर्ण नाव घ्या असं सांगितल्यापासून त्यांना स्वतःला तो शब्द नकोसा वाटतो. मी इथं तोच वापरतेय, कारण मराठीत ओळखीचा तोच आहे.

या शेजाऱ्यांबद्दल आधी एक सांगून टाकते. आम्ही इथं आलो त्या पहिल्या हिवाळ्यात उठून दार उघडावं तर अंगणातला बर्फ कुणीतरी पहाटेच उपसून गेलेलं असे. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दहा दिवस घरी डबे येत होते, तेही शाकाहारी. गल्लीतल्या बायकांनी आपसांत याद्या करून वार वाटून घेतले होते. त्यांच्या वस्तीच्या मंडळीला ‘वॉर्ड’ म्हणतात. वॉर्डचा बिशप पगारी नसतो. आमच्या इथला दिवसा दातांचा दवाखाना चालवतो आणि संध्याकाळी कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाची नोकरी गेली, ते पाहतो. अशा माणसांच्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या गोष्टीबद्दल मी लिहितेय, हे मी विसरलेले नाही.

त्या मुलीची आई आमंत्रण द्यायला आली तेव्हा तिच्या हातात छापलेलं कार्ड होतं. शनिवारी अकरा वाजता, बाप्तिस्मा. “तू यायलाच हवंस. ती म्हणाली, लाडूवाल्या काकूंना बोलव.” (मुलगी मला ‘काकू’च म्हणते. लेकीच्या भारतातल्या मैत्रिणी म्हणतात म्हणून हिनंही उचललं.) त्या आईचा चेहरा फुलून आला होता. मुंजीचं बोलावणं करायला येणाऱ्या बाईचा असतो, अगदी तसा.

*

अनेक वॉर्डांचं मिळून एक स्टेक असतं आणि स्टेकच्या मोठ्या इमारतीत बाप्तिस्म्याचा हौद. गालिचा घातलेली साधी खोली, घडीच्या खुर्च्या, समोर सरकती दारं. दारं सरकली की फरशी बसवलेला हौद दिसतो. मोठ्या माणसाच्या कमरेएवढं पाणी, उतरायला पायऱ्या. मागे बसलेल्यांनाही दिसावं म्हणून वर तिरका आरसा लावलेला. लहान मुलांना अगदी पुढे खाली बसवतात. माझी लेक त्यांच्यात जाऊन बसली, नाक पुढच्या काचेला लावून.

आधी बाप पाण्यात उतरला. पांढरे कपडे, अनवाणी. त्यानं हात पुढे केला आणि ती पायऱ्या उतरून आली. केसांच्या दोन घट्ट वेण्या, बाह्या दुमडलेला पांढरा अंगरखा-पायजमा, जो जरा मोठाच होता. पाणी छातीपर्यंत आलं तशी तिनं खांदे उचलले. बापानं तिचं मनगट धरलं, उजवा हात कोपरात काटकोनात वर केला, तिचं पूर्ण नाव घेतलं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं तुझा बाप्तिस्मा करतो, अशा अर्थाचे ठरलेले दोन ओळींचे शब्द म्हटले. त्यातला एकही शब्द इकडचा तिकडे चालत नाही. तिनं नाक दाबलं. त्यानं पाठीला आधार देऊन तिला मागे, पाण्याखाली नेलं.

हौदाच्या दोन बाजूंना दोन साक्षीदार उभे असतात. शरीराचा कणभर भागही पाण्याबाहेर राहिला नाही ना, हे पाहण्यासाठी. त्यातली एक मुलीची मावशी होती. २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत हे काम फक्त पौरोहित्य मिळालेल्या पुरुषांचं होतं, आता बाप्तिस्मा झालेलं कुणीही, बाई असो वा लहान मूल, साक्षीदार होऊ शकतं. मावशीनं मान हलवली. पायाचा अंगठा वर आला होता.

खोलीत कुणी हसलं नाही, कुजबुजही झाली नाही. असं पुष्कळदा होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाप वाकून तिच्या कानात काहीतरी बोलला. गुडघे वाकव, असं असावं. ओल्या चेहऱ्यावर वेणीतून सुटलेली एक बट चिकटली होती, ती त्यानं बोटानं बाजूला केली. मग पुन्हा मनगट, पुन्हा काटकोनात हात, पुन्हा तेच शब्द. या वेळी खाली जाण्याआधी तिनं वरच्या आरशात पाहिलं. एकच क्षण. स्वतःला पाहिलं की मागे बसलेल्या आम्हा सगळ्यांना, ते मला अजून कळलेलं नाही. मग डोळे मिटले आणि गेली.

वर आली तेव्हा मावशीनं होकार दिला आणि आजी रडायला लागली. मीही रडले, हे लपवण्यात अर्थ नाही.

कपडे बदलून आल्यावर तिला खुर्चीत बसवलं. बाप, आजोबा, दोन काका आणि बिशप तिच्याभोवती गोल उभे राहिले आणि सगळ्यांनी आपापले हात तिच्या डोक्यावर ठेवले. पवित्र आत्मा स्वीकार, असं बापानं म्हटलं. एवढ्या जड हातांखालून तिच्या ओल्या केसांचा भांग तेवढा दिसत होता. शेवटी ब्राउनी, स्ट्रॉबेरी, लिंबूपाणी. नाव आणि तारीख भरतकामात काढलेला पांढरा टॉवेल ती सगळ्यांना दाखवत फिरली.

*

आठ हा आकडा आला कुठून, हे मी नंतर वाचून काढलं.

मॉर्मनांचा तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याला कडक विरोध आहे. त्यांच्या ‘मॉर्मनच्या ग्रंथा’त एका बापानं मुलाला लिहिलेलं पत्र आहे. लहान मुलं निष्पापच असतात, त्यांचा बाप्तिस्मा करणं ही देवापुढे थट्टा आहे, असं तो बाप कळवळून सांगतो. गोव्यातल्या किंवा वसईतल्या कॅथलिक घरात बाळ महिन्या-दोन महिन्यांचं झालं की चर्चमध्ये नेतात. मॉर्मनांना ते मान्य नाही. दुसऱ्या टोकाला अॅनाबॅप्टिस्ट. त्यांनी १५२५ मध्ये झुरिकमध्ये जाणत्या माणसाचाच बाप्तिस्मा खरा म्हणून एकमेकांना नव्यानं बाप्तिस्मा दिला आणि त्यापायी जीवही गमावले. त्यांचे वारस अॅमिश लोक आजही मुलं मोठी होईपर्यंत थांबतात. १८३० मध्ये जोसेफ स्मिथनं न्यूयॉर्क राज्यात आपलं चर्च स्थापलं तेव्हा हा वाद अमेरिकेतल्या गावागावांत चालू होता. त्यानं दोन्हींच्या मधली वाट धरली. जबाबदारीचं वय आल्याशिवाय बाप्तिस्मा नाही, हे आधी ठरलं. ते वय आठ, हे पुढच्या वर्षी. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाची तो स्वतःची आवृत्ती तयार करत होता; तिथं सुंतेच्या आठ दिवसांच्या नियमाला त्यानं आठ वर्षांची जोड दिली. मग नोव्हेंबर १८३१ मध्ये ओहायोतल्या हायरम गावी त्याला झालेल्या प्रकटीकरणात ते पक्कं झालं. मुलं आठ वर्षांची होतील तेव्हा त्यांना श्रद्धा, पश्चात्ताप आणि बाप्तिस्मा यांची समज आईबापांनी दिली नसेल, तर ते पाप आईबापांच्या डोक्यावर.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. आमंत्रण द्यायला आलेल्या त्या बाईच्या फुललेल्या चेहऱ्यात सुटकेचाही भाग असेल का, असं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

आपल्याकडेही आठच आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात म्हटलंय, अष्टमे वर्षे ब्राह्मणमुपनयेत्. आमच्या दादाची मुंज आठव्या वर्षी झाली. मी पाच वर्षांची होते. साताऱ्याचं एक मंगल कार्यालय, मे महिन्याचा उकाडा, आणि केस काढताना दादा इतका रडला की मामानं त्याला मांडीवर घट्ट धरून ठेवलं. मग मातृभोजनाला आईच्या ताटात बसला तेव्हा हुंदके देत जिलबी खात होता. अंतरपाट, शालीखाली बाबांनी कानात सांगितलेला मंत्र, ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणताना त्याचा घोगरा झालेला आवाज. मला फार वाईट वाटलं होतं की माझी मुंज होणार नाही. त्या बाबतीत इथल्या मुली भाग्यवान, त्या निदान पाण्यात उतरतात. त्यांना पाण्यात उतरवणारा मात्र पुरुषच लागतो.

बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईला फोन लावला. “आई, दादाला मुंजीच्या आधी विचारलं होतंत का गं, तुला करायचीय का म्हणून?”

“विचारायचं काय त्यात?” आई म्हणाली. “तू पण ना! लस टोचताना विचारतो का आपण?”

आईच्या उत्तरानं मला एक गोष्ट लख्ख दिसली. दादाला कुणी विचारलं नाही. त्यामुळे कॉलेजात गेल्यावर त्यानं जानवं काढून खुंटीला अडकवलं तेव्हा बाबा आठ दिवस बोलले नाहीत, आजी कुरकुरली, पण “तू शब्द दिला होतास” असं त्याला कुणी म्हणालं नाही. शब्द त्याचा नव्हताच. परंपरा त्याच्या अंगावर घातली होती, त्यानं ती अंगावरून उतरवली. भांडण झालं आणि मिटलं.

इथं मात्र विचारतात. बाप्तिस्म्याआधी बिशप मुलाला समोर बसवून बोलतो. देवावर विश्वास आहे का, बाप्तिस्म्याचा अर्थ काय, तुला स्वतःला घ्यायचाय का. पालकांची परवानगीही लागतेच. मुलं दर रविवारी ‘प्रायमरी’त, म्हणजे त्यांच्या बालवर्गात, ‘योग्य ते निवड’ हेच शिकत असतात. त्या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांची हिरवी ढाल असलेली अंगठी कित्येकांच्या बोटात असते. निवड हा त्यांच्या धर्माचा गाभा आहे, ती जबरदस्तीनं होऊ नये असं ते मनापासून मानतात. मला आधी वाटलं, हे आपल्यापेक्षा किती बरं. विचारतात तरी.

आता तसं वाटत नाही.

*

इथं यायच्या आधी मी साताऱ्याच्या दिवाणी न्यायालयात सहा वर्षं वकिली केली. जमिनीच्या दाव्यांत सातबारावर ‘अ.पा.क. आई’ अशी नोंद मी शेकडो वेळा वाचली आहे. अज्ञान, पालनकर्ता आई. मूल अज्ञान आहे, म्हणजे अठरा पुरी झालेली नाहीत. जमीन त्याच्या नावावर लागते, पण सही आईची. अज्ञानानं केलेला करार आपल्या कायद्यात मुळातच रद्दबातल असतो. १९०३ सालच्या मोहोरी बीबीच्या खटल्यात प्रिव्ही काउन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, तसं ठरवलं आणि आजवर ते टिकून आहे. सोळा वर्षांच्या पोरानं खुशीनं, समजून, हसतहसत सही केली तरी कायदा म्हणतो, याला बांधू नका.

गुन्ह्याचा हिशेब मात्र वेगळा. सातच्या आतल्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा नाही, आणि सात ते बारामध्ये त्या मुलाची समज किती पिकलीय ते पाहायचं. जुन्या दंडसंहितेत होतं, नव्या भारतीय न्याय संहितेत कलम २० आणि २१ मध्ये तसंच्या तसं आलंय. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला चूक-बरोबर थोडंफार कळतं, हे कायदाही धरून चालतो. रोमन कॅथलिक चर्चनंही १९१० मध्ये पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकरी पहिल्यांदा घेण्यासाठी, साधारण सातवं वर्ष हे समजेचं वय ठरवलं. सात-आठच्या सुमाराला मुलांत काहीतरी बदलतं, हे सगळ्या आईबापांनी पाहिलेलं असतं. माझी लेकही परवापर्यंत “मी नाही केलं” म्हणायची. आता अपराध करून पांघरुणात तोंड खुपसून बसते.

पण चूक कळायचं वय आणि शब्द द्यायचं वय ही दोन वयं आहेत. कायद्यानं ती सात-बारा आणि अठरा अशी लांबलांब ठेवली. मॉर्मन विधीनं ती एका दिवसावर आणून ठेवली. आजपासून तुझ्या चुका मोजल्या जातील, म्हणून आजच तू आयुष्यभराचा करारही कर. माझी हरकत एवढीच आहे, आणि मला ती मोठी वाटते.

त्या मुलीच्या आईशी मी हे बोलले. कॉफी ते पीत नाहीत, त्यामुळे आमच्या गप्पा गरम कोकोवर होतात. मी आधी सोपा प्रश्न विचारला. आठच्या आधी पाप लागतच नाही, तर वाढदिवसानंतर आठवड्याभरानं बाप्तिस्मा घेणाऱ्या मुलीचं धुऊन काय निघतं? ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “मला वाटतं, धुण्यापेक्षा ते वचन महत्त्वाचं. एकमेकांची ओझी वाहायची, रडणाऱ्याबरोबर रडायचं, कुणाला धीर हवा असेल तर द्यायचा. ग्रंथात तसंच लिहिलंय. आठ वर्षांच्या पोरीला हे कळत नाही असं तुला वाटतं?”

कळतं. हे मला ताबडतोब कबूल करावं लागलं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा हीच पोरगी रोज आमच्या कुत्र्याला फिरवायला न्यायची. ओझं वाहणं तिला माझ्यापेक्षा बरं कळतं.

“पण त्या वचनात एवढंच नाहीये ना,” मी म्हणाले. “उत्पन्नाचा दहावा हिस्सा, चहा-कॉफी-दारू वर्ज्य, हेच चर्च खरं असं मानणं, आयुष्यभर. त्यातलं किती तिला दिसत असेल?”

“मी लग्न केलं तेव्हा मला तरी किती दिसत होतं?” ती म्हणाली.

या उत्तराला माझ्याकडे तोड नव्हती. खूप दिवस नव्हती. मग लक्षात आलं, लग्नाला ती नाही म्हणू शकत होती. खरंच म्हणू शकत होती. एकदा एका मुलाला तिनं म्हटलंही होतं, तिनंच मला सांगितलंय.

आठ वर्षांची मुलगी बिशपला नाही म्हणेल का? समजा, तिनं म्हटलं, “पुढच्या वर्षी बघू.” आजी दुसऱ्या राज्यातून यायची ठरलेली. टॉवेलवर तारीख काढून झालेली. वर्गातल्या सगळ्यांचा एकेक करून होतोय. आणि पुढच्या वर्षी ती नऊ वर्षांची झाली की चर्चच्या नोंदीत तिची गणना बाहेरून धर्मात येणाऱ्यांसारखी होते. मिशनरी येऊन तिला धडे देतात. जन्मापासून त्याच बाकावर बसलेली मुलगी! नियम कुणी वाईट हेतूनं केला नसेल, पण थांबणाऱ्या मुलाला तो वेगळा काढतो. ज्या प्रश्नाचं दुसरं उत्तर मुलानं कधी कुणाच्या तोंडून ऐकलेलंच नाही, त्या प्रश्नाला दिलेला होकार मी होकार म्हणून धरू शकत नाही. तो आईबापांवरच्या प्रेमाचा उच्चार आहे. खरा आहे, निर्मळ आहे, पण करार नाही.

घरातली ओढ मुलाला कशी बांधते, हे चर्चलाही ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांनी नियम केला की समलिंगी जोडप्यांच्या मुलांनी अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत बाप्तिस्म्यासाठी थांबावं. घरात एक आणि चर्चमध्ये दुसरं ऐकून मुलाची ओढाताण होऊ नये, असं कारण दिलं गेलं. पुष्कळ घरं त्यानं दुखावली, चर्चमधलीच माणसं रडली, आणि एप्रिल २०१९ मध्ये तो नियम मागे घेतला गेला. तो अन्यायच होता, कारण वेचून काही मुलांना दाराबाहेर ठेवलं होतं. मला त्यातलं कारण तेवढं लक्षात राहिलं. ओढाताण पेलायला अठरा वर्षं लागतात असं त्या मुलांबद्दल वाटलं, तर बाकीच्या मुलांबद्दल का नाही? त्यांच्या घरी ओढाताण नसते, सगळं एकाच दिशेला ओढत असतं, एवढाच फरक.

*

इथं माझी एक मैत्रीण आहे, चाळिशीतली, याच धर्मात वाढलेली. बाप्तिस्म्याच्या दिवशी दुपारी घरी जाताना गाडीत खिडकीच्या जागेवरून तिचं भावाशी भांडण झालं आणि तिनं त्याला बोचकारलं. मग ती इतकी रडली की आईला गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली. “सकाळी एवढी पांढरीशुभ्र झाले होते,” ती मला म्हणाली, “आणि दुपारच्या जेवणापर्यंतही टिकलं नाही.” आईनं समजूत घातली की दर रविवारी सभेत भाकरीचा तुकडा आणि घोटभर पाणी घेतो ना, त्यानं ते वचन पुन्हा नवं होतं. ती समजूत तिला पुष्कळ वर्षं पुरली.

तिशीत तिनं चर्च सोडलं. रागानं नाही, विश्वास उरला नाही म्हणून. आईला सांगायला गेली तेव्हा तयारी करून गेली होती. आई रडेल, ओरडेल. आईनं तसं काही केलं नाही. शांतपणे म्हणाली, “तुला कुणी जबरदस्ती केली नव्हती. तुला विचारलं होतं. तू हो म्हणाली होतीस.”

“ती खोटं बोलत नव्हती,” मैत्रीण म्हणाली. “मला विचारलं होतं. माझ्या पायांत खाकी मोजे होते, मला ते टोचत होते, आणि मी हो म्हणाले होते.”

मोज्यांचं तिनं सांगितलं तेव्हा मी तिचा हात धरून बसून राहिले. बत्तीस वर्षं झाली तरी तिला त्या दिवसाचे मोजे आठवत होते. शब्दांचा अर्थ तेव्हा काय लावला, ते आठवत नव्हतं.

आजी आम्हाला महाभारतातली मांडव्य ऋषींची गोष्ट सांगायची. चोरीच्या खोट्या आळापायी राजानं त्यांना सुळावर चढवलं. नंतर त्यांनी यमधर्माला जाब विचारला, मला ही शिक्षा कशाची? यम म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. मांडव्य संतापले. ज्या वयात काही कळत नव्हतं त्याचा एवढा हिशेब? त्यांनी यमाला मनुष्यजन्माचा शाप दिला, तोच पुढे विदुर झाला. आणि आजपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला पातक लागणार नाही अशी मर्यादा घालून दिली. लहानपणी मला त्या किड्यांची दया यायची. आता त्या ऋषींची येते, आणि त्यांच्या रागाचा आधार वाटतो. प्रत्यक्ष यमाच्या वहीतली ओळ खोडायला लावली त्यांनी.

आणि मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नवऱ्यानं, रेव्हरंड टिळकांनी, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. संसार उधळला, बाई माहेरच्यांत राहिल्या, पुढे नवऱ्याकडे परतल्या, तरी स्वतःचा बाप्तिस्मा घ्यायला त्यांना पाच वर्षं लागली. जातपात माणसाची की देवाची, हे त्यांनी आधी स्वतःच्या मनाशी सोडवलं. ती पाच वर्षं त्यांना मिळाली, म्हणून तो बाप्तिस्मा त्यांचा. (मॉर्मन मंडळीही आपल्याकडे तशी नवी नाहीत. स्कॉटलंडचा ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरला होता आणि पुण्यातही त्यानं प्रचार केला. फार कुणी ऐकलं नाही.)

मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन, आठव्या वर्षी तो पांढरा अंगरखा घाला, आजीला बोलवा, डोक्यावर हात ठेवा, ओझी वाहायचं वचनही घ्या, कारण तेवढं ती देऊ शकते. करार अठरानंतर करा. तोवर सही आईची असू द्या. अ.पा.क. आई. शेजारणीला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, “तुझ्या धर्मात पाप आईच्या डोक्यावर येत नाही, म्हणून तुला हे सोपं जातं.” ती रागावली नव्हती. मग ती उठली आणि माझ्या कपात आणखी कोको ओतला.

*

महिन्याचा पहिला रविवार त्यांचा उपासाचा. दोन वेळचं जेवण सोडायचं, पाणीही नाही, आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे. गेल्या महिन्यात अशाच रविवारी दुपारी ती मुलगी आमच्याकडे आली. माझ्या ध्यानात नव्हतं, मी सवयीनं डबा पुढे केला.

“आज नको,” ती म्हणाली. “उपास आहे.”

मी घाबरून तिच्या आईला फोन केला. आई म्हणाली, “मी तिला सांगितलंय की तू लहान आहेस, इतक्यात नको. तीच ऐकत नाही. सकाळपासून काही खाल्लं नाही.”

माझी लेक स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होती. “तुला भूक लागलीय?”

“हो.”

“खूप?”

“हो.” ती डब्यातल्या लाडवांकडे बघत होती. अगदी सरळ, चोरून नव्हे. “काकू, एक मला कागदात बांधून द्याल? सहा वाजता खाईन.”

मी दोन बांधून दिले. खिडकीतून पाहिलं तर ती गल्लीतून चालली होती, दोन्ही हातांच्या ओंजळीत ती पुडी धरून, हळूहळू. तिच्या घराच्या फाटकाशी ती थांबली, पुडी नाकाशी नेऊन वास घेतला, आणि आत गेली.